ठिपक्यांमधले अण्णा

अनंत चतुर्दशीला अण्णांनी उपास मोडला. माझ्या डोळ्यांदेखत मोडला, आणि वर मलाच सांगितलं, की सकाळपासून पाण्याचा थेंबसुद्धा पोटात गेलेला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. कुरुंदवाडात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, माझ्या आईच्या नावाचा, ‘पद्मा’. आई गेली, मग गिऱ्हाईक गेलं, मग शटर कायमचं खाली आलं. अण्णा मात्र होते तसेच राहिले. आमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम, आणि अण्णा नेमाला भलतेच पक्के. संध्याकाळचं ऊन खिडकीतून समोरच्या भिंतीवर चढलं, की ते ताट घेऊन त्याच खुर्चीत, त्याच भिंतीला पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि मी पुण्याहून कॉल लावायचे. ते जेवायचे, मी बघायचे. इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. फोनच्या एवढ्याशा काचेत त्यांना माझं तोंड धड दिसत नाही, म्हणून मी दोन वर्षांपूर्वी दोन्ही घरांत मोठ्या पडद्याचे डेस्कटॉप बसवून घेतले होते.

त्या दिवशी मी सहज म्हटलं, “अण्णा, आज चतुर्दशी ना?”

“व्हय की. निर्जळी हाय.”

आणि असं म्हणता म्हणता त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

“थट्टा करताय काय माझी?”

“कसली थट्टा गं? सकाळच्यानं जीभ ओली केली न्हाई. बोलायचंसुद्धा जिवावर आलंय. तू वाट बघशील म्हणून बसलोय.”

दुसरा घास गेला. तोंड बोलत होतं आणि त्याच तोंडात घास जात होता. अंगात ताप असताना, आई दवाखान्यात असताना, पुराचा चिखल घरातून उपसताना, कधीही या माणसानं चतुर्दशीचा उपास सोडला नव्हता. खोटं तर त्यांना बोलताच येत नाही. खोटं बोलायची वेळ आली की ते उठून परसात जातात. मी काहीतरी बोलून कॉल बंद केला.

मी काय काम करते, ते इथं सांगायला हवं. औषधाच्या खोक्यात घडी केलेला एक कागद असतो, कुणीही न वाचणारा. त्या कागदाची मराठी मी तपासते. भाषांतर यंत्र करतं. ते चुकलं तर कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून शेवटी एक माणूस बसवलेला असतो, ती मी. दिवसातून दोन गोळ्या की दोन दिवसांतून एक, हे नीट बघण्यावर माझं पोट चालतं. आपली नजर पक्की आहे असा माझा समज होता आणि त्याचा थोडा तोराही होता. त्यामुळे अण्णा जेवत होते याबद्दल मला शंका आली नाही. शंका आली ती अण्णांबद्दल.

आमच्या कंपनीतल्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आत्ता केलेलं आत्ता विसरणं चांगलं लक्षण नाही. साधे साधे प्रश्न विचारून बघा आणि कॉल रेकॉर्ड करून ठेवा. तपासणीच्या वेळी उपयोगी पडेल.”

उठून कुरुंदवाडला जायचं, एवढं सोपं होतं. गेले नाही, त्याला कारण होतं. संक्रांतीनंतर मी आणि अभिनंदन वेगळे झालो. भांडून नाही; भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं. अण्णांना मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, रोज समोर बसते, मोकळा गळा दिसेलच. दिसला की विचारतील, विचारलं की सांगेन. अण्णांनी विचारलं नाही. पहिल्या दिवशी नाही आणि महिना गेला तरी नाही. रडून सुजलेले डोळे घेऊन बसले, तेव्हासुद्धा ते शेजारच्या विमलकाकूंच्या म्हशीचं कौतुक सांगत राहिले. मग मी माझ्यापुरता अर्थ लावला, की बापाला हे पटलेलं नाही आणि त्यांना ते बोलूनही दाखवायचं नाही. मला राग आला. रागाच्या खाली लाज होती. गावात पाऊल टाकलं की लोकांची नजर आधी गळ्याकडे जाणार, मग चेहऱ्याकडे. त्यापेक्षा नकोच. रोज तर दिसतात अण्णा, असं मनाला सांगून मी जायचं टाळत आले होते.

दुसऱ्या संध्याकाळी रेकॉर्डिंग चालू करूनच मी कॉल लावला.

“अण्णा, आज वार कोणता?”

“का? तुझ्याकडं कॅलेंडर न्हाई?”

“सांगा ना.”

“शनवार.” आवाज बारीक येत होता. गेले कित्येक दिवस बारीकच येत होता, आणि मी त्यांच्या माइकला नावं ठेवत होते.

“सकाळी काय खाल्लंत?”

“आपली पेज.”

“आणि आत्ता काय खाताय?”

“आत्ता?” अण्णा माझ्याकडे बघत राहिले. “आत्ता कुठं काय खातोय?”

त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. आमटी त्यावरून खाली ओघळत होती. 

“अण्णा, तुमच्या हातात घास आहे.”

त्यांनी मान खाली घातली. बराच वेळ ते खाली बघत होते आणि हात आपला तोंडाकडे जात होता.

“त्रिशला,” ते हळू म्हणाले, “माझे हात मांडीवर हाईत.”

मला रडू यायला लागलं, पण मी अगदी समजूतदार सुरात बोलले. आजारी माणसाशी बोलताना काढतो तो सूर. “होतं असं या वयात. विसरायला होतं. औषधं असतात त्याच्यावर.”

“मला येड लागलंय म्हणतीस?”

“असं कुठं म्हणाले मी?”

“होळीपासनं बघालीस मला. रोज बघालीस. एका शब्दानं विचारलं न्हाईस. आणि आता विचारलंस, ते हे?”

पडदा काळा झाला. त्यांनी वायरच उपटली असावी. होळीपासून काय, हे मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचा मी प्रयत्नही केला नाही. चिडचिड हेसुद्धा त्या आजाराचं लक्षण असतं. तसल्या गोळ्यांचे कागद मीच तर तपासते. पुढचे दोन दिवस अण्णांनी कॉल घेतला नाही. पुण्यात अशा विसराळू म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा आहे. मी तिथं फोन करून खोली आहे का विचारलं. खोली होती. बाग दिसणारी हवी की रस्त्याकडची, असं तिथल्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, आणि मी ‘बाग’ म्हणाले.

डॉक्टरबाईंना पाठवायचा तेवढा तुकडा कापून काढावा म्हणून मी रेकॉर्डिंग उघडलं.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. मन फार शहाणं असतं. कागदावर चुकीचा शब्द असला तरी ते बरोबर शब्दच वाचतं, राहिलेलं अक्षर आपल्या पदरचं घालतं. म्हणून शेवटची तपासणी उलटी करायची, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. वाक्याचा अर्थ लागत नाही, त्यामुळे मनाला मध्ये तोंड घालता येत नाही आणि छापलंय तेच दिसतं. सवयीनं मी ते रेकॉर्डिंगसुद्धा शेवटाकडून मागे चालवलं.

घास तोंडातून निघाला आणि ताटात जाऊन बसला. पुन्हा निघाला, पुन्हा बसला. उलटं चालवलं की ताटातली भाकरी वाढत जायला हवी. ती वाढत नव्हती. प्रत्येक वेळी तोच तुकडा, त्याच कडेचा. आमटीचा तोच ओघळ. वाटी काठोकाठ भरलेली, सुरुवातीलाही आणि शेवटीही. मी मागच्या आठवड्यातलं एक रेकॉर्डिंग शोधलं, म्हशीचा विनोद सांगितला होता म्हणून ठेवलेलं. तीच भाकरी. तीच कड मोडलेली.

मी नवाजला फोन लावला.

नवाज अत्तारचं जयसिंगपुरात कॉम्प्युटरचं दुकान आहे. दोन्ही डेस्कटॉप त्यानंच जोडून दिले होते. मी भाकरीचं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग त्यानं दुकानातला रेडिओ बंद केला.

“ताई, कार्ड बेसिक घातलंय आपण. आठवतंय?”

तो पुढे जे बोलला, ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या पडद्यावर ऐंशी लाखांहून जास्त बारीक ठिपके असतात. पूर्वी कॉम्प्युटरमधलं चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग हिशेबानं काढायचं, सेकंदाला साठ वेळा. त्या कामाला मेमरीच्या चिपा लागतात. त्या चिपा गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या डेटा सेंटरांनी घाऊक उचलल्या आणि घरगुती कॉम्प्युटरच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. मग कार्ड बनवणाऱ्यांनी युक्ती काढली, की सगळे ठिपके काढायचेच नाहीत. थोडे काढायचे आणि बाकीचे ओळखायचे. कोट्यवधी चित्रं दाखवून कार्डाला शिकवून ठेवलं, की अशा ठिपक्यांच्या मध्ये बहुतेक असं असतं. खेळांमध्ये हे आधी आलं आणि कुणाला फरकही कळला नाही. मग ते व्हिडिओ कॉलमध्ये आलं. पलीकडचं कार्ड माणसाचे मोजके ठिपके पाठवतं, भुवया, ओठ, खांदे, हात. अलीकडचं कार्ड त्यावरून माणूस काढतं. एकच माणूस रोज दिसला की कार्ड त्याला लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आणखी कमी ठिपक्यांवर भागवतं. रोज थोडं थोडं काही बदलत गेलं, तर ती कॅमेऱ्याची चूक समजून सुधारून घेतं.

“खोक्यावर लिहिलेलंच होतं की ताई,” नवाज म्हणाला. “‘तुमच्या माणसांना ओळखणारं कार्ड’. म्हणजे माणूस जितका नेमाचा, तितकं कार्ड कमी बघतं. आणि अण्णांएवढं नेमाचं कोण असणार?”

“हात दिसलेच नाहीत तर?”

“तर नेहमीचे हात काढतं.”

“बंद कर ते, नवाज. आत्ताच्या आत्ता.”

“बेसिकला बंद होत नाही. वरच्या कार्डांना बटण असतं.” तो जरा ओशाळला. “आम्हा दुरुस्तीवाल्यांसाठी एक सोय असते. त्यात कार्ड पदरचं काही घालत नाही. जेवढे ठिपके आले तेवढे दाखवतं, बाकी काळं. पण चित्र नाही दिसायचं तुम्हाला.”

“मला चित्र नको आहे,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी कॉल लावला. बराच वेळ वाजत राहिला. शेवटी अण्णांनी घेतला. मुलीवर किती दिवस रुसणार? समोर नेहमीचे अण्णा होते, भरल्या गालांचे, घास मोडणारे. मी नवाजनं सांगितलेल्या कळा दाबल्या.

पडदा काळा झाला. त्या काळ्यावर पांढरे ठिपके राहिले, रांगोळीचे ठिपके मांडून बाई मध्येच उठून गेलेली असावी तसे. भुवया, पापण्या, नाकाचं टोक, ओठ, हनुवटी, खांदे. हाताचा एकही ठिपका नव्हता. ताटाच्या जागी काहीच नव्हतं.

नवाजनं आणखी एक कळ सांगितली होती. ती दाबली की कार्डाच्या आठवणीतला आकार ठिपक्यांवर फिक्या रेषेनं उमटतो. मी दाबली. रेषा दोन वर्षांपूर्वीच्या अण्णांची होती, रुंद खांद्यांची. ठिपके त्या रेषेवर कुठंच नव्हते. सगळे आत होते. गालांचे आत, खांद्यांचे कितीतरी आत. बापाचा सदरा पोरानं घातल्यावर दिसतं तसं ते दिसत होतं. कार्ड रोज या ठिपक्यांना ओढून जुन्या रेषेवर आणून बसवत होतं, आणि मी त्याला अण्णा म्हणत होते.

“त्रिशला?” ओठांचे ठिपके हलले. “आवाज येतोय काय? गप का?”

“येतोय. अण्णा, जेवण कधीपासून जात नाही तुम्हाला?”

ठिपके हलायचे थांबले.

“तू बघतीस की रोज,” अण्णा म्हणाले.

मिळेल त्या गाडीनं निघाले. रस्ताभर एकच विचार डोक्यात होता, की आपण पोचेपर्यंत काही होऊ नये. घराच्या दारात विमलकाकू भेटल्या. माझा दंड धरून म्हणाल्या, “आलीस बाई. बरं झालं. किती वाळलाय बघ माणूस.”

“काकू, मला एक फोन नाही केलात?”

“अगं, रोज समोरासमोर बसून बोलताय की तुम्ही बापलेक. मी काय येगळं सांगायचं?”

अण्णा त्याच खुर्चीत होते. खुर्ची मोठी वाटत होती. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं वर आलेली, कानामागे खड्डे पडलेले, मनगट माझ्या मुठीत दोनदा मावलं असतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं, हे माझे वडील नव्हेत. माझे वडील तिकडे पुण्याच्या पडद्यावर आहेत. या विचाराची अजून भीती वाटते.

मी पायाशी बसले. अण्णा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे.

“हे कधी?” त्यांनी विचारलं.

“संक्रांतीनंतर.”

“संक्रांतीनंतर?” त्यांचा हात माझ्या गळ्याजवळ येऊन थांबला. “परवा तर होतं की गळ्यात.”

त्यांच्या टेबलावरही तेच कार्ड होतं. मीच घेऊन दिलं होतं, एकसारखी जोडी. मी गेले आठ महिने मोकळ्या गळ्यानं त्यांच्यासमोर बसत होते आणि कार्ड रोज संध्याकाळी नेमानं मला मंगळसूत्र घालत होतं.

“आणि डोळं?” ते म्हणाले. “डोळ्याखाली हे काय? तू तर हसत असायचीस गं. आवाज जड वाटला की म्हणायचो, पुण्याची हवा बाधली असंल. मी इकडं वाळत चाललोय, आणि पोरगी समोर बसून हसतीया. आधी लई वाईट वाटलं. मग म्हटलं, पोरीला बघवत नसंल, म्हणून हसत असंल. आपण कशाला बोलून आणखी जड करायचं?”

होळीपासून अन्न घशाखाली अडकायला लागलं होतं. आधी भाकरी गेली, मग भात. आता दिवसा पेज आणि दूध, तेही घोट घोट. संध्याकाळी काहीच जात नसे. तरी ते माझ्यासाठी खुर्चीत येऊन बसत. आणि मी कधी ‘जेवलात का’ असं विचारलंच नाही, कारण जेवताना दिसणाऱ्या माणसाला ते कोण विचारतं?

अण्णांनी त्या बंद पडद्याकडे बोट केलं. “मी जन्मभर लोकांच्या तोंडावरचे डाग काढले. देवीचे व्रण, सुरकुत्या, सगळं. ब्रशनं काढायचो. पण गिऱ्हाईक म्हणायचं ‘काढा’, तवा काढायचो. ह्याला कुणी सांगितलं?”

मिरजेच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. अन्ननलिका एका जागी दोऱ्याएवढी झाली होती आणि तिथं गाठ होती. “हे चार महिने आधी यायला हवं होतं,” ते फोटोवरची नजर न काढता म्हणाले. “घरात कुणी बघत नव्हतं का यांच्याकडे?”

“रोज बघत होते,” मी म्हणाले. त्यांना ते उद्धट वाटलं असावं.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, अन्ननलिका जोडली. गाठीचा रिपोर्ट धड चांगला नाही आणि धड वाईटही नाही असा आला. औषधं चालू राहणार. पण आधी प्रश्न साधा होता, गिळता येतं की नाही. नाकातल्या नळीवर त्यांना घरी सोडलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की टाके भरले की घट्ट पेज देऊन बघायची. खाली गेली तर नळी निघेल. अडकली तर पुन्हा उघडावं लागेल, आणि दुसरं ऑपरेशन या शरीराला झेपेल असं ते म्हणणार नाहीत.

नवाज स्वतः येऊन अण्णांचा आणि तिथूनच माझा पुण्याचा, असे दोन्ही कॉम्प्युटर कायमचे दुरुस्तीवाल्यांच्या सोयीवर लावून गेला. वरचं कार्ड घालून देतो, पैशाचं नंतर बघू, असं म्हणत होता. मी नको म्हटलं. त्या बटणावर तरी विश्वास कसा ठेवायचा? या सोयीत एक गंमत असते, की एक ठिपका आपल्याला हवा तिथं नेऊन लावता येतो. नवाजनं मला विचारलं, अण्णांवर कुठं लावू. मी म्हटलं, गळ्यावर, कंठाच्या हाडावर. मग त्यानं अण्णांना विचारलं, ताईंवर कुठं.

“डाव्या डोळ्याखाली,” अण्णा म्हणाले. “रडली तर कळाय पाहिजे.”

घट्ट पेजेचा दिवस आणि माझी पुण्यातल्या कोर्टातली तारीख नेमकी एकाच दिवशी आली. मी तारीख पुढं ढकलते म्हटलं, तर अण्णा चिडले. “ते एकदाचं संपव. पेज गिळाय तू हात लावणार हाईस काय?” विमलकाकू आणि नर्सबाई होत्या. मी गेले. कोर्टात कुणी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते आज आठवत नाही. सह्या झाल्या, अभिनंदननं मान हलवली, मी रिक्षा केली. घरी येऊन चप्पल न काढता कॉम्प्युटर लावला.

काळा पडदा आणि पांढरे ठिपके. भिंतीवरचं ऊन आता दिसत नाही. ते चढलं असणार असं धरून चालायचं.

“आलीस काय?” अण्णांचा आवाज. “झालं?”

“झालं. तुम्ही घ्या आता.”

विमलकाकूंचा आवाज आला, “घालू काय चमचा?” काकूंचे ठिपके दिसत नाहीत, चौकटीत एकच माणूस मावतो. अण्णांच्या ओठांचे ठिपके उघडले आणि मिटले. गळ्यावरचा ठिपका होता तिथंच होता.

मी टेबलाची कड धरून बसले. जुनं असतं, तर मला एव्हाना दहा घास दिसले असते आणि मी निवांत चहा प्यायले असते. गळ्यावरचा ठिपका हलत नव्हता. तोंडात पेज घेऊन अण्णा बसले होते. गिळायची त्यांना भीती वाटत होती हे मला समजलं, आणि मला काहीही करता येत नव्हतं.

मग ठिपका थोडा वर गेला आणि अण्णांना ठसका लागला. सगळे ठिपके विस्कटले, पडद्याभर उडाले. नर्सबाईंचा आवाज आला, “मान खाली, मान खाली घ्या, घाई नको.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण हाकेनं दचकले तर, म्हणून तसंच मिटलं.

ठिपके एकेक करून जागेवर आले. भुवया, नाक, ओठ, खांदे. गळ्यावरचा सगळ्यात शेवटी आला. तो जरा वेळ नुसताच थरथरला. मग वर चढला, थांबला, आणि खाली आला.

“गेली,” अण्णा म्हणाले.

पलीकडे काकू कुणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या की गेली, गेली. अण्णांचे ठिपके पडद्याच्या जवळ आले, इतके की भुवया चौकटीबाहेर गेल्या.

“रडू नको,” ते म्हणाले. “दिसतंय मला.”